रेडिएटरमधली हळद

"झाकण नका उघडू! हात पोळते!"

आवाज एसटीच्या खिडकीतून आला आणि नलूचा हात होता तिथेच थांबला. आर्वीच्या रस्त्यावर कापसाने भरलेल्या बैलबंड्या एकामागून एक बाजाराकडे निघाल्या होत्या. त्यांच्या कडेला नलूची जुनी काळी मोटार बॉनेट वासून वाफ सोडत उभी होती. पुढच्या सीटवर नाना, म्हणजे नलूचे वडील, काही झालंच नाही अशा थाटात बसले होते.

एसटी थोडी पुढे जाऊन थांबली. एक उंच, सावळा तरुण खाली उतरला. खांद्यावरचा दुपट्टा हाताला गुंडाळत तो आला आणि नलूकडे न बघता म्हणाला, "पहिले थंड होऊ द्या. राग आलेल्या माणसाले कोणी छेडते का?"

"मोटारीले की मले?" नलूने विचारलं. तिला खरंच राग आला होता.

मग त्याने बघितलं. बघितलं आणि जरा जास्तच वेळ बघत राहिला... नलूने घाईने पदर सावरला.

त्याचं नाव कृष्णकांत. एसटीच्या आर्वी डेपोत वर्कशॉपचा सुपरवायझर. घर सिंदी मेघेला, दर शनिवारी घरी यायचा. वाफ निवल्यावर त्याने एक फाटलेला रबरी पाइप शोधून काढला, दुपट्ट्याची चिंधी फाडून तो घट्ट बांधला, एका गाडीवानाकडून बादलीभर पाणी मागून रेडिएटरमध्ये ओतलं आणि मागच्या सीटवर बसून थेट नालवाडीपर्यंत, नलूच्या घरापर्यंत सोबत आला. एसटी केव्हाच निघून गेली होती.

उतरताना नाना म्हणाले, "रविवारी येजो बाबू, नवा पाइप टाकून देजो. आमच्या कालिंदीले तुहाच हात मानवला दिसते."

कालिंदी हे मोटारीचं नाव. काळी आणि सदा पाणी सोडणारी, म्हणून नलूच्या आईने ठेवलेलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. नाना हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि लगेच डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. समोरचा माणूस उंच की बुटका एवढंच त्यांना कळे, रंग तर सगळे सारखेच झाले होते. ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. म्हणून मोटार नलू चालवायची, पेपर नलू वाचून दाखवायची, आणि शाळेतल्या मुलींना गणित शिकवून झालं की धावतपळत घरी यायची. स्थळं आली तशी तिने परतवली. नानांना सोडून जायचं कसं, या एका प्रश्नापाशी तिचं सगळं अडलं होतं, आणि तो प्रश्न तिने कोणाला मोठ्याने विचारलाही नव्हता.

रविवारी कृष्णकांतने नवा पाइप बसवला. पुढच्या रविवारी नानांचा निरोप गेला... पाणी पुन्हा कमी झालंय.

आता इथून पुढे सुरू झाला तो एक अजबच खेळ. दर रविवारी रेडिएटरमधलं पाणी तळाला गेलेलं असायचं. कृष्णकांत सायकलवरून यायचा, मोटारीखाली पाठीवर सरपटायचा, पंपाला हात लावून बघायचा, इंजिन चालू करून कान द्यायचा. जमिनीवर एक थेंब नाही, इंजिनच्या तेलात पाणी नाही, धुरात वाफ नाही. मोटार शेडमध्ये नुसती उभी असताना पाणी जायचं तरी कुठे?

"काही पत्ता लागून नाई राह्यला," तो मोटारीखालून म्हणायचा.

"तुम्हाले लागू द्यायचा नसंल," नलू चहाचा कप खाली ठेवत म्हणायची.

मोटारीखाली पाना खणकन पडायचा. मग हसण्याचा आवाज यायचा.

नलूला आपला एक संशय होता. हा माणूसच जाताना काहीतरी ढिलं ठेवून जात असावा. एसटीच्या एवढ्या गाड्या धावत ठेवणाऱ्याला एक म्हातारी मोटार आटोपत नाही? तिला ही लबाडी कळली होती आणि ती तिला मनापासून आवडली होती. रविवारी ती आपली फिकट जांभळी साडी नेसायची, वेणी पुन्हा घालायची, आणि सायकलची घंटी वाजली की मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. आपल्याला यायला मिळावं म्हणून कोणी एवढा खटाटोप करतं, या कल्पनेवर तिचा सबंध आठवडा निघायचा.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी संध्याकाळी तो अचानक आला. नाना शेजाऱ्यांसोबत सायंप्रार्थनेला गेले होते.

"मही बदली झाली," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "चंद्रपूरले. बढती हाय. सोमवारी हो का नाई ते सांगा लागते."

नलूने हातातला दिवा आधी नीट खाली ठेवला. "मग... सांगा ना. बढती कोणी सोडते का?"

"नाई म्हणायले काही कारण पाह्यजे." तो थांबला. तिच्याकडे बघत राहिला. ती दिव्याची वात सारखी करत राहिली, तशी त्याने नजर मोटारीकडे वळवली. "पण हिचा पत्ता लावल्याशिवाय जाणार नाई मी. घरात हळद हाय?"

"हळद?"

"आमचे ड्रायव्हर लोक टाकतात रेडिएटरमध्ये. बारीक भेग असली तर बुजते. आन् नाईच बुजली, तर पाणी जिथून जाईन तिथं पिवळा डाग तरी सोडते. चोर पकडायले बरी."

चोर म्हणताना तो तिच्याकडे कसा बघत होता! नलूला हसू यायला हवं होतं, पण तिच्या डोक्यात चंद्रपूरच होतं. तिने डब्यातून हळद आणली. त्याने कागदाची सुरळी करून, कणही हाताला लागू न देता, ती रेडिएटरमध्ये सोडली, वर पाणी ओतलं, इंजिन थोडं फिरवलं. काठोकाठ भरलं आणि झाकण लावलं.

त्या रात्री नलूला झोप आली नाही. गळती सापडली तर त्याला यायचं कारण उरत नाही, नाही सापडली तरी तो चंद्रपूरला जाणारच. एवढं सोपं गणित होतं, आणि त्याचं उत्तर तिला सोसत नव्हतं.

सकाळी कृष्णकांत ऊन चढायच्या आत हजर झाला. झाकण उघडलं. पाणी खाली गेलं होतं. त्याने टॉर्च घेऊन पंप बघितला, पाइप बघितले, इंजिनची मागची बाजू बघितली. तिथे पिवळा डाग कुठेच नव्हता. तो उठला, हात पुसले आणि हळू आवाजात म्हणाला, "जरा हात दाखवा."

"काऊन?"

"दाखवा तर."

नलूने दोन्ही तळवे पुढे केले. स्वच्छ होते. नखंसुद्धा. कृष्णकांतचा चेहरा असा उतरला, की नलूला तो ओळखूच येईना.

"आता तुमचे दाखवा," ती म्हणाली.

त्याच्या हातांवर ग्रीस होतं, काळपट तेल होतं. पिवळं काही नव्हतं. आणि आता नलूचा चेहरा उतरला.

"तुम्हाले काऊन वाईट वाटलं?" त्याने विचारलं.

"तुम्हाले काऊन वाटलं?"

"मले वाटे..." तो अडखळला. "मले वाटे तुम्हीच पाणी सोडता. मी यावं म्हणून."

"बाप्पा! आन् मले वाटे तुम्हीच काही ढिलं ठेवून जाता. यायले मिळावं म्हणून!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेडच्या पत्र्यावर एक साळुंकी टकटक करत होती.

"म्हंजे दोघांनीबी काही केलं नाई," नलू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं तिला सुचलं नाही.

"नाई..." कृष्णकांत म्हणाला. "करायले पाह्यजे होतं."

एवढ्यात नाना अंगणातून आले. अंगात शुभ्र खादीचा सदरा, शुभ्र धोतर, हातात पितळी तांब्या. रोज पहाटे नलूच्या आईच्या जाईच्या वेलाला तांब्याभर पाणी घालायचा त्यांचा नेम होता. "सापडली का बाबू गळती?" त्यांनी मोठ्या उमेदीने विचारलं.

नलू त्यांच्याकडे बघतच राहिली. शुभ्र धोतर दोन्ही गुडघ्यांवर पिवळं धमक झालं होतं. बोटं पिवळी, तांब्याचा काठ पिवळा.

"नाना, हे धोतराले काय लागलं?"

"धोतराले?" नाना चाचपडले. ज्याला रंग दिसत नाही तो बिचारा काय सांगणार! "काही नाई व... वरण सांडलं असंल जेवताना."

"नाना, आज एकादशी हाय."

सकाळपासून घरात साबुदाण्याशिवाय काही शिजलं नव्हतं. आणि उपासाच्या साबुदाण्यात हळद कोणाच्याच घरी पडत नाही.  नाना शाळेतल्या चुकार पोरासारखे कान धरून हसले.

"रेडिएटरच्या खालची तोटी उघडतो," ते म्हणाले. "रविवारी पहाटे. तांब्याने तांब्याने वेलाले घालतो. ह्या पोट्ट्यानं पहिल्याच दिवशी पाइप बरोबर बसवलाता... मग तो पुन्हा कायले येणार होता?"

"नाना!"

"काय नाना? माह्यासाठी तू सारी स्थळं परतवली, मले काय समजत नाई? डोळ्यानं दिसत नाई, कानानं तं ऐकू येते. रविवारी तू गाणं म्हणतं. एरवी म्हणतं का?" त्यांचा आवाज ओला झाला. "मी बाप हाय, नलू. माह्यापायी तू अडून बसली, त्याचं मले किती वाईट वाटते, तुले कसं सांगू? ऑपरेशनची तारीख घेतली मी. भेव वाटते, पण घेतली. आता तू तुहं बोल."

नलूने तोंडावर पदर घेतला. एवढी वर्षं ती नानांना सांभाळत होती, आणि दर रविवारी पहाटे हा आंधळा म्हातारा मोटारीखाली गुडघ्यांवर बसून तिला मोकळं करत होता. तिला रडूही येत होतं आणि हसूही.

कृष्णकांत मोटारीखाली वाकला. खालच्या तोटीकडे आज त्याने बघितलंच नव्हतं; ती नीट बसली नव्हती, तिच्यातून थेंब थेंब पाणी येत होतं. त्याने ती घट्ट आवळली. उठला तेव्हा त्याची बोटं पिवळी झाली होती. त्याने फडक्याला हात घातला.

"थांबा," नलू म्हणाली. "पुसू नका."

आपल्याकडे नवरदेवाला लागलेली उष्टी हळद मग नवरीकडे जाते. नलूने त्याचा हात धरला, त्याच्या बोटांवरची ती गंजकट, तेलकट हळद आपल्या बोटावर घेतली आणि स्वतःच्या गालाला लावली.  कृष्णकांतने तिच्या हातातून आपला हात काढून घेतला नाही.

"चंद्रपूरले नाई म्हणून सांगा," ती म्हणाली. "कारण सांगा... घरी गळती हाय."

"अन् ती सापडली तं?"

"सापडली म्हणून कोणाले सांगू नका."

नाना तांब्या छातीशी धरून उभे होते. त्यांना दोघांच्या फक्त आकृत्या दिसत होत्या, त्याही एकमेकींत मिसळलेल्या. "काऊन गप्प झाले रे?" त्यांनी काळजीने विचारलं. "कोणी सांगा तं मले, काय झालं ते?"

"हळद लागली, नाना," नलू म्हणाली.