शिकणाऱ्यासाठी सोडलेली जागा

बंडोपंतांच्या कॅसेटमध्ये इंग्रजी कमी आणि थांबणंच जास्त, असं सेलूतली पोरं चेष्टेनं म्हणायची. त्यात काही खोटं नव्हतं. हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर बंडोपंतांनी एक खटाटोप आरंभला होता. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातली, चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी नाटकं आणि कविता मराठी शाळेतून आलेल्या पोरांना कळाव्यात, म्हणून ते कॅसेटी भरत. आधी ओळीचा अर्थ वऱ्हाडीत, मग मूळ ओळ, मग पोरानं ती स्वतः म्हणावी म्हणून रिकामी जागा. मग पुढची ओळ.

"मुसळ उचललं का हलकं, पडलं का जड. असे पाच घाव झाले का ओळ झाली," इंग्रजी ओळीचा ठेका समजावताना ते कॅसेटवर सांगत. "आन् दाऊ म्हणजे तू, यू म्हणजे तुम्ही. नाटकातला नवरा बायकोले एकदम तुम्ही म्हणाले लागला, तं समजजो का काहीतरी बिनसलं."

यावर त्यांच्या पत्नी पद्माबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या होत्या, "मी तं तीस वर्षांपासून तुम्हाले तुम्हीच म्हणून राह्यली." तेवढं कॅसेटवर आलं होतं. बंडोपंतांनी ते पुसलं नाही.

रिकामी जागा किती ठेवायची, हे त्यांचा मुलगा निशांत ठरवायचा. भरणं चालू असताना तो समोरच्या वेताच्या खुर्चीवर बसे आणि ओळ मनातल्या मनात म्हणे. आवाज काढायचा नाही, हा नियम; दुसऱ्याचा आवाज कानी पडला की शिकणारं पोर बुजतं, असं बंडोपंतांचं मत. निशांतचे ओठ हलत आणि ओळ संपली की तो बोट वर करी. मग बंडोपंत पुढे जात. अशा सहा कॅसेटी झाल्या. शहाण्णवच्या भादव्यात निशांतला मेंदूचा मलेरिया झाला आणि नवव्या दिवशी तो गेला. बावीस वर्षांचा होता. त्याचा आवाज कुठंच भरलेला नव्हता. कॅसेटींवर त्याचं म्हणून काही असेल, तर ते बंडोपंतांचं थांबणं.

तेव्हापासून बंडोपंत रोज दुपारी पहिली कॅसेट लावून बसत. अर्थाकडे आणि ओळीकडे त्यांचं लक्ष नसे. ते जागा ऐकत.

निशांतची धाकटी बहीण वेदश्री बी.एस्सी. होऊन वर्ध्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागली होती. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत आर्वीच्या एका कॉलेजानं पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी पहिल्या कॅसेटच्या चाळीस प्रती मागितल्या. वेदश्रीनं आधी एकच प्रत काढली आणि ती न ऐकताच प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूपबंद ठेवली. मूळ वस्तूला हात लावण्यापूर्वी एक नमुना बाजूला काढून ठेवायचा, ही तिची सवय. मग घरी मूळ कॅसेट लावून, प्रत्येक जागा किती सेकंदांची ते तिनं घड्याळ लावून लिहून काढलं. पहिल्या ओळीनंतर सहा सेकंद. बाजूची एकूण लांबी तीस मिनिटं वीस सेकंद.

पंधरा दिवसांनी, बाकीच्या प्रती काढण्याआधी पडताळा घेतला, तर पहिली जागा आठ सेकंदांची निघाली.

तिनं सेल बदलले. टेपरेकॉर्डर बदलला, शेजारच्या सुमित्राबाईंचा आणला. आठच. बाजूची लांबी मात्र होती तेवढीच, तीस वीस. जागा वाढली आणि फीत तेवढीच राहिली, तर मधलं काहीतरी कमी झालं असलं पाहिजे. तिनं पुन्हा ऐकलं. "म्हणजे" गेला होता. बंडोपंत प्रत्येक अर्थाची सुरुवात "म्हणजे" म्हणून करत; आता तो शब्द एकाही ओळीपुढे नव्हता. कापल्यासारखा आवाज नव्हता, खरखर नव्हती. तो कधी उच्चारलाच नव्हता, असं वाटत होतं.

त्या दिवशी जेवताना तिच्या लक्षात आलं, की बाबा हल्ली घरातही "म्हणजे" म्हणत नाहीत.

फेब्रुवारीत कॅसेटवरून मुसळ गेलं. पद्माबाईंनी मुद्दाम मुसळ समोर धरून विचारलं, "हे काय आहे जी?" बंडोपंतांनी हातानं कांडून दाखवलं आणि ओशाळून हसले. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला. फोटो स्वच्छ होता. "वय आहे, दुःख आहे," डॉक्टर म्हणाले.

जागा अकरा सेकंदांची झाली. मग चौदा. वेदश्री कान लावून ऐके. चौदा सेकंदांत फितीची सळसळ असे, आणि कधी कधी, नवव्या-दहाव्या सेकंदाला, माणूस सरसावून बसल्यावर वेत करकरतो तसं काहीतरी.

तिनं आईला काही सांगितलं नाही. वडिलांना सांगितलं. वहीतले आकडे समोर ठेवले आणि म्हणाली, "बाबा, ही कॅसेट मी उचलून ठेवते. तुम्ही आता लावू नका."

बंडोपंतांनी आकडे नीट पाहिले. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. शब्द चाचपडत ते म्हणाले, "नको वेदू. त्याले जागा लागते."

ते त्यांचं शेवटचं वाक्य. मार्च उजाडला तेव्हा कॅसेटवर एक अक्षर उरलं नव्हतं. तीस मिनिटं वीस सेकंद नुसती जागा होती. बंडोपंत ती दुपारभर उलटून पालटून ऐकत. त्यांना पाणी मागता येत नसे. पद्माबाई तासातासाला पेला त्यांच्या ओठांशी नेत आणि म्हणत, "एकदा मले ओरडा तरी. चहात साखर नाई टाकली मी."

वेदश्रीनं प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. कॅसेट लावली, आणि वडिलांचा आवाज आला. ती स्टुलावर बसली. म्हणजे होता, मुसळ होतं, आईचा टोमणाही होता. तिथला शिपाई ताराचंद परीक्षानळ्या धूत होता. थोडा वेळ ऐकून तो म्हणाला, "मॅडम, सर लय घाईत बोलून राह्यले. पोरगं ओळ म्हणन कधी?"

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. ओळीला लागून ओळ येत होती. मध्ये एक सेकंदही नव्हता.

सेलूची बस येईपर्यंत ती स्टुलावरून उठली नाही. जे कॅसेटवरून गेलं, ते घरातून गेलं होतं. हे तिनं स्वतः मोजलं होतं. या कॅसेटवर जागा नव्हत्या, म्हणजे कोण नव्हतं, तेही तिला कळत होतं. ही बाबांना ऐकवायची की नाही, याचं उत्तर कोणत्याच आकड्यात नव्हतं. एकीकडे दीड वर्षापूर्वी गेलेला भाऊ, आणि दुसरीकडे तहान लागली की नुसतं पाण्याच्या माठाकडे बोट दाखवणारा बाप.

रविवारी सकाळी तिनं कॅसेट लावली.

पद्माबाई तांदूळ निवडत होत्या. आवाज आला, तसा त्यांचा हात सुपातच राहिला.

बंडोपंतांनी आधी मान हलवून नको म्हटलं. मग त्यांची मान थांबली. ते ऐकू लागले.

पाचव्या ओळीला त्यांचे ओठ हलले. आठव्या ओळीला आवाज फुटला. "म्हणजे," ते म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "म्हणजे, पाणी दे वो जरा."

पद्माबाई सूप टाकून धावल्या. पदरानं डोळे पुसत त्यांनी पाणी दिलं. बंडोपंतांनी ते सगळं पिऊन पेला खाली ठेवला.

कॅसेट चालूच होती. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"वेदू, हे कोणं भरलं?"

"तुम्हीच, बाबा."

"मंग मी थांबून काऊन नाई राह्यलो?" ते म्हणाले. "असं कोणी शिकवते काय? भरताना समोर कोणी बसलं नव्हतं काय?"

वेदश्रीनं आईकडे पाहिलं.

पद्माबाईंचा चेहरा कित्येक महिन्यांनी मोकळा झाला होता. त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"कोण बसन?" त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून तिघंच तं आहो आपण घरात."

वेदश्रीनं टेबलावरचं पेन उचललं. वही शोधायलाही ती थांबली नाही. डाव्या तळहातावरच घाईघाईनं भावाचं नाव लिहायला लागली.

पहिलं अक्षर लिहून झालं.

मग पेन थांबलं.