हलू नका, उपग्रह जातोय

"कुरण आहे ते. मी स्वतः तपासलंय," मागून कुणीतरी म्हणालं.

तिनं वळून पाहिलं. मोटरसायकलवरून एक पाय खाली टेकवून उभा असलेला, उन्हानं रापलेला आणि स्वतःवर भलताच खूश दिसणारा तरुण. समोर टेकडीपर्यंत हिरवंगार सपाट रान पसरलं होतं आणि त्यावरून दोन बगळे ऐटीत फिरत होते.

"तपासलंत? चालून?"

"चालायला कशाला हवं? रस्त्यावरून पाहिलं, फोटो काढला, शिक्का मारला."

"मग आता चालून दाखवा."

"चाललो तर काय द्याल?"

"चहा पाजीन... वाचलात तर."

पठ्ठ्या उतरला, बाह्या सरसावल्या आणि रुबाबात निघाला. दोनचार पावलं टाकली असतील-नसतील, धप्पकन आवाज झाला, बगळे उडाले आणि स्वारी छातीपर्यंत गायब! डोक्यावर पाणवेलीचा हिरवा टोप, चेहऱ्यावर जगबुडीचं आश्चर्य.

खरं तर तिनं घाबरायला हवं होतं. पण तिला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की छत्रीची मूठ त्याच्यापुढे धरतानाही ते आवरेना.

"तुम्ही..." ती दम घेत म्हणाली, "तुम्हीच का ते खातरजमा?"

"आणि तुम्ही 'नक्की का? नक्की का?' विचारणाऱ्या बाईसाहेब?" तो पाणी निथळवत म्हणाला. "अरे देवा! मला वाटायचं, चष्म्याआडून खेकसणाऱ्या कुणी काकू असतील."

"मला वाटायचं, तुम्हाला ढेरी असेल."

झालं! वर्षभर नुसत्या निरोपांवर भांडणारी ही दोन माणसं अशी भेटली. ती उपग्रहाच्या फोटोंवरून नकाशे करणाऱ्या कंपनीत होती: कुठे शेत, कुठे जंगल, कुठे पाणी. जिथे शंका यायची, तिथे खातरजमा करायला हा जायचा, म्हणून ऑफिसात त्याचं नावच ते पडलं होतं. इथे मात्र दोघंही फसले होते. फोटोत हिरवं दिसलं, तिनं कुरण म्हटलं. रस्त्यावरून हिरवं दिसलं, त्यानं शिक्का मारला. खाली अख्खं तळं होतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण सगळ्यांनाच ठाऊक असेल म्हणून कुणी सांगितलं नाही.

"मग तुम्हाला कसं कळलं?" चहाच्या टपरीवर कुडकुडत त्यानं विचारलं.

"उपग्रहाला तापमानही कळतं. दुपारी सगळं गाव तापलेलं असायचं आणि तुमचं कुरण आपलं गार. म्हटलं, असं गार राहतं ते फक्त पाणी."

तो बघतच राहिला. एवढ्या उंचावरून या तळ्याचा गारवा हिला कळला! तिनं कपाकडे बघितलं, कारण त्याच्याकडे बघणं एकाएकी अवघड झालं होतं.

पण हसण्यावारी नेण्यासारखं प्रकरण नव्हतं. तिचा नकाशा महिनाअखेरीस जमीन खात्याकडे जायचा होता आणि खात्यानं त्या 'कुरणावर' गोदामं बांधायचं ठरवलं होतं. भराव पडला की तळं संपलं, आणि तळं संपलं की गावच्या विहिरी संपल्या. तिच्या साहेबांनी तर हात वर केले. "त्या खातरजमांचाच शिक्का आहे कुरणाचा! आता त्यांच्या शब्दाला काय किंमत? पुढच्या फेरीत उपग्रहाला पाणी दिसू दे, मी लगेच दुरुस्त करतो. नाही दिसलं, तर नकाशा आहे तसाच जाईल."

पाणवेल काढल्याशिवाय पाणी दिसणार कसं? गावच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी पदर खोचला आणि सगळं गाव कामाला जुंपलं. हा रोज कमरेएवढ्या पाण्यात. ती सुट्टी काढून काठावर, दोर ओढायला.

"बाईसाहेब, हात सोलवटतील हं."

"तुमचं काय जातंय?"

"काय जातंय... रात्री झोप जाते," तो पुटपुटला आणि वेलींचा भारा घेऊन दुसरीकडेच गेला. ती कितीतरी वेळ दोर नुसताच धरून उभी होती. मास्तरीणबाई म्हणाल्या, "अगं, ओढ की! का तोच ओढला जाईल म्हणून वाट बघतेस?"

फेरीचा दिवस उजाडला तोच ढगांनी गच्च भरलेला. गावकऱ्यांची तोंडं उतरली. तिनं सगळ्यांना काठावर बसवलं आणि समजावलं, "आज येणाऱ्या उपग्रहाला ढगांचं काही नाही. तो डोळ्यांनी बघत नाही, हाक मारतो आणि परत येणारा आवाज ऐकतो. शांत पाणी ती हाक परतच पाठवत नाही, म्हणून फोटोत ते काळं दिसतं. पण लाटा उठल्या, तर पुन्हा कुरणासारखं! संध्याकाळी तो जाईल तेव्हा पाण्यात कुणी नको. खडासुद्धा टाकायचा नाही."

संध्याकाळी वारा पडला. आणि नेमका तेव्हाच पलीकडच्या काठाचा वेलींचा एक मोठा तराफा सुटून मधोमध तरंगत आला! पत्र्याची होडी घेऊन तोच धावला. तराफा त्यानं काठाला लावला, गावकऱ्यांनी धरला, पण परत येता येता अर्ध्या तळ्यातच वेळ संपला. तिनं फोन लावला.

"आता वल्हं मारू नका. आहात तिथेच बसा. हलू नका, उपग्रह जातोय."

सगळं गाव उभं राहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी लोकांनी टोप्या काढल्या. तान्ही पोरंसुद्धा गप्प झाली. वर नुसते ढग, आणि त्या ढगांच्याही पार वर, कुणालाही न दिसणारं काहीतरी त्या क्षणी या एवढ्याशा तळ्याला हाक मारत होतं. पाणी इतकं निवांत झालं होतं, की त्यात आभाळ जसंच्या तसं उतरलं होतं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं ती वरून खाली बघत आली होती, खालून वर बघताना कसं वाटतं ते तिला आज कळलं. तिचे डोळे भरले आणि कानाला लावलेल्या फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता...

"ऐका," ती कुजबुजली, "मला तुम्ही आवडता. खूप आवडता."

आता बोलायची ही वेळ का? पण निघालं खरं तोंडून!

तिनं फोन कानाला घट्ट दाबून धरला. मग उपग्रह गेल्याची खूण म्हणून मास्तरीणबाईंनी शिट्टी वाजवली, गावानं एकच जल्लोष केला, तो वल्हवत काठाला आला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, "मघाशी काही म्हणालात का? नेटवर्क गेलं होतं... काही ऐकू आलं नाही."

"काही नाही," ती म्हणाली. घरी पोचेपर्यंत तिनं रडू आवरून धरलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोटो उतरला. साहेब तिच्या खुर्चीमागे उभे. पडद्यावर राखाडी शेतं, उजळ घरं आणि मधोमध... तळं! काळंभोर, काठासकट स्पष्ट, जणू कुणी शाई ओतली होती. ती हात जोडून नुसती बघत राहिली. एवढं मोठं पाणी, आणि आपण ते पुसून टाकायला निघालो होतो!

"दुरुस्ती मंजूर," साहेब म्हणाले. "पण हे मधलं काय? होडी ना? पत्र्याच्या होडीचा ठिपका कसा टाचणीच्या टोकासारखा यायला हवा. हा तर फराटा आलाय."

"वस्तू हलली की असंच होतं, साहेब. ठिपका फाटतो. होडी..." ती थांबली. "होडी हलली त्या क्षणी."

तिनं फोन लावला.

"काल काही ऐकू आलं नव्हतं ना तुम्हाला? मग होडी का हलली?"

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "आधी तळं दिसलं का ते सांगा."

"दिसलं. सगळंच्या सगळं."

"दिसलं? खरंच?" त्याचा श्वास सुटला. "उभा राहिलो होतो मी! तुम्ही असं म्हटल्यावर बसवेल कुणाला? होडी डुचमळली, लाटा उठल्या... वाटलं, गेलं सगळं. माझ्यापायी गावाचं पाणी गेलं! कुठल्या तोंडानं सांगू, की ऐकलं, आणि मलाही... वर्षभरापासून... तुमच्या त्या 'नक्की का'पासूनच..."

"नक्की का?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"शंभर टक्के, बाईसाहेब."

"कुठे आहात?"

"तुमच्या ऑफिसच्या जिन्यात. सकाळपासून बसलोय, फोटोत काय येतंय या धास्तीनं. आत यायची हिंमत होईना."

ती अशी उठली की खुर्ची आडवी पडली. "अहो, नकाशावर सही!" साहेब ओरडले.

"तळं कुठे पळून जात नाही, साहेब!" ती म्हणाली आणि जिन्याकडे धावत सुटली.