पडद्यापलीकडची खाट

दुपारी दोनच्या सुमारास अक्षरा आपल्या वडिलांचे, अप्पांचे, घरी जायचे कपडे घेऊन पुण्याजवळच्या एका छोट्या इस्पितळात शिरली. सकाळी दुर्बिणीतून त्यांच्या लहान आतड्यातली, स्वादुपिंडाच्या नळीजवळची गाठ काढली होती. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं, पोट दुखलं तर लगेच सांगा, स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेतेल.

अप्पा खाटेच्या कडेला गुडघ्यांवर वाकून बसले होते.

"दुखतंय?"

"जरासा गॅस आहे गं."

"नर्सला सांगितलंत?"

"कशाला? उगाच ठेवून घेतील."

अक्षराचं डोकंच फिरलं. ह्यांच्या पिढीत दुखणं लपवलं की कौतुक व्हायचं. काकू तापात फणफणत पोळ्या लाटायची आणि सगळे म्हणायचे, किती सोशिक!

तेवढ्यात शेजारच्या खाटेच्या हिरव्या पडद्यामागून ओल्या मातीचा वास आला. पाठोपाठ म्हाताऱ्या माणसाचा आवाज.

"पोरी... विचारत बसू नकोस. उताणं झोपव त्यांना, खरं दुखणं लगेच कळेल."

"का?"

"झोपव तर... माझं दुखणं कळायला उशीर झाला होता."

तिनं अप्पांना खांद्याला धरून आडवं केलं. पाठ गादीला टेकताच ते असे ओरडले की नर्स श्यामला धावत आली. रक्त तपासलं. स्वादुपिंड सुजलं होतं. चार वाजता अप्पा अतिदक्षता विभागात होते.

आभार मानायला अक्षरानं पडदा सरकवला. आत गादीसुद्धा नव्हती, नुसत्या लोखंडी पट्ट्या.

"ती खाट महिनाभर मोडलेली आहे," श्यामला म्हणाली.

अक्षरानं वाकून खाटेखाली पाहिलं, पट्ट्यांवर हात फिरवला, वास घेतला. फक्त फिनेल.

पाचव्या दिवशी अप्पांना वेगळ्या खोलीत आणलं. एकच खाट, एकच खिडकी.

"पडद्यामागच्या आजोबांनी वाचवलं तुम्हाला," ती म्हणाली.

"आजोबा?" अप्पा तिच्याकडे बघत राहिले. "बाई होती गं. सकाळपासून समजावत होती... बोलू नका, सोसा, संध्याकाळी आपण बरोबरच निघू."

अक्षरानं वळून दाराकडे पाहिलं.

"चांगली आहे बिचारी," अप्पा म्हणाले. "आत्ता तू खाली गेलीस, तेव्हा इथंही येऊन गेली. विचारत होती... तुमची मुलगी घरी कधी जाते?"