साप चावलेल्या पिशव्या

“वाचू का?” बॅटरीनं विचारलं.

“वाच. मी काय घाबरते की काय?” टाचणी म्हणाली. पण शिवणयंत्राच्या पेडलवरचा तिचा पाय थांबला होता.

जाड भिंगांच्या चष्म्यामुळे अख्खी शाळा ज्याला बॅटरी म्हणे, त्या तिच्या मित्रानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. “‘पोहायला जाताना कोरडे कपडे या पिशवीत ठेवले. बाहेर येऊन पाहिलं, तर कपडे माझ्यापेक्षा ओले! पिशवीला शेजारी शेजारी दोन भोकं आहेत, साप चावल्यासारखी. एक तारा.’”

पाचांपैकी एक तारा! टाचणीच्या डोळ्यांपुढे मात्र भरदुपारी झाडून सगळे तारे चमकले.

सुट्टी लागल्या लागल्या तिनं हा उद्योग काढला होता. कोपऱ्यावरचे छत्रीवाले आजोबा छत्र्या दुरुस्त करायचे आणि फाटकं कापड फेकून द्यायचे. टाचणीनं ते मागून आणलं, धुतलं, कापलं आणि मावशीनं वापरायला दिलेल्या यंत्रावर त्याच्या पिशव्या शिवल्या. थेंबभर पाणी आत जाणार नाही अशा. बॅटरीनं फोटो काढून ऑनलाइन दुकान थाटलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘उलटी छत्री’. तिसरी मैत्रीण होती कासव. ती सगळं सावकाश करायची, पण तिचं अक्षर मोत्यासारखं होतं, म्हणून पाकिटांवर पत्ते घालायचं काम तिच्याकडे आलं.

टाचणी अंगानं काडी आणि जिभेनं तिखट. कोणी चूक दाखवली की तिला आधी राग यायचा. ‘दोरी फार आखूड आहे’ असा पहिला अभिप्राय आला तेव्हा, दोरी आखूड नसून त्यांचा खांदाच मोठा असेल, असं म्हणत ती संध्याकाळभर धुसफुसत राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिनं गुपचूप सगळ्या दोऱ्या लांब केल्या. चूक खरी असेल तर ती मानायची, मग कितीही झोंबो.

पण ही भोकं! ही तिची चूक नव्हती. आणि साप चावल्याची ही काही पहिली तक्रार नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी मामा आला होता. नाक्यावर त्याचं पार्सलचं ऑफिस होतं आणि ‘उलटी छत्री’ची सगळी पाकिटं त्याच्याकडूनच जायची. बाबांनी तक्रारी वाचल्या आणि मोबाइल टेबलावर ठेवला.

“हौस झाली ना? आता आवरा. लोकांना भोकं पडलेल्या पिशव्या विकायच्या, हे काही बरं नाही.”

टाचणीनं सांगितलं की भोकं तिनं पाडलेली नाहीत. शिवण कुठं उसवलेली नाही, भोकं कापडाच्या मधोमध आहेत, म्हणजे ती नंतर पडली असणार. मामा खुर्चीत रेलून हसला.

“नाचता येईना, अंगण वाकडं! बाहुलीचे झगे शिवायच्या वयात दुकानं कसली काढता गं?”

टाचणीचे कान तापले. “मला नाचता येतं, मामा,” ती म्हणाली. “मला आता अंगणच बघायचंय.”

आई तोंडाला पदर लावून हसली. बाबांना मात्र हसू आलं नाही. मुलीनं उलट बोललेलं त्यांना आवडायचं नाही. रविवारपर्यंत भोकांचं कारण सापडलं नाही, तर दुकान बंद आणि यंत्र मावशीकडे परत, असं त्यांनी सांगून टाकलं. यंत्र परत गेलं तर नुसतं दुकान जाणार नव्हतं. मामाचं म्हणणं खरं ठरणार होतं, आणि टाचणीला तेच जास्त लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं कामाला लागली. शिवून ठेवलेली एकेक पिशवी नळाखाली धरून काठोकाठ भरायची आणि न्हाणीघरातल्या खुंट्यांवर टांगायची. दुपारी बाबा आंघोळीला गेले, तर कपडे टांगायला एक खुंटी मोकळी नव्हती. ते आतूनच ओरडले. पण खालची फरशी कोरडी ठणठणीत होती. एकही पिशवी गळली नव्हती.

“म्हणजे आपल्या घरातून निघते तेव्हा पिशवी धडधाकट असते,” बॅटरी म्हणाला. “हा सगळा त्या लोकांचा खोटारडेपणा आहे. आपणही त्यांना उलट एकेक तारा देऊ!”

गिऱ्हाइकांना तारे देता येत नाहीत, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला. टाचणी एक तारा देणाऱ्या त्या पोहणाऱ्या बाईंना सणसणीत उत्तर लिहायला बसली होती. कासवानं हळूच तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला.

“भांडण नंतर. आधी विचारू तरी,” ती म्हणाली, आणि तिनं बाईंना अगदी साध्या शब्दांत लिहिलं, की पिशवी ज्या पाकिटातून आली ते अजून असेल तर त्याचा फोटो पाठवाल का.

पाकीट होतं! बाई एका शाळेत पोहणं शिकवायच्या आणि आलेलं एकही पाकीट फेकायच्या नाहीत. त्यांनी लगेच फोटो पाठवला. बॅटरीनं तो मोठा करून पाहिला आणि टुणकन उडी मारली. पाकिटाच्या वरच्या कोपऱ्यातही दोन भोकं होती, तेवढीच जवळ जवळ, तशीच साप चावल्यासारखी.

सापानं चावा घेतला होता तो बाहेरून, पाकीट बंद झाल्यावर.

टाचणी तडक नाक्यावर गेली. पार्सलच्या ऑफिसात काचेची खिडकी होती. खिडकीतून पाकीट द्यायचं, मामा ते घेऊन लाकडी आडोशाच्या मागं जायचा आणि तिथं काय करायचा ते कोणाला दिसायचं नाही. टाचणीनं सरळच विचारलं, “मामा, तू आमच्या पाकिटांना काही टोचतोस का?”

“टोचतो? मी काय डास आहे?” मामा म्हणाला. “अगं, केस पांढरे झाले माझे या धंद्यात. तुझ्या पाकिटाला मी बोटसुद्धा जोरात लावत नाही. फक्त पावती लावतो.”

मामा चेष्टा करायचा, पण खोटं बोलायचा नाही. त्यामुळे टाचणी हिरमुसून परतली. पाकीट पोचवणाऱ्या पोराला गाठून बॅटरीनं चौकशी केली. पाकिटावरची पावती दारातच ओढून काढायची, तिच्यावर सही घ्यायची आणि ती परत आणायची, एवढंच त्याचं काम. टोचायला त्याच्याकडे काही नव्हतंच. गाडी पुन्हा त्याच चिखलात रुतली.

शुक्रवारी रात्रीचं जेवण चाललं होतं. आई स्वयंपाकघरातून एकामागून एक कामं सांगत होती. “दाराला कडी लाव गं. आणि बाहेरचा दिवा लाव. बाबांच्या शर्टाचं बटण तुटलंय, तेही लावून टाक.”

टाचणी उठली. तिनं कडी लावली, दिवा लावला आणि बटण लावायला सुई हातात घेतली. सुईकडे पाहता पाहता ती एकदम थबकली.

लावणं! आपल्या बोलीत काय काय लावतात! दिव्याला काडी लावतात, डोक्याला तेल लावतात, झाडं लावतात, भांडणसुद्धा लावतात. पाकिटाला पावती लावतो म्हटल्यावर तिनं आपलं धरून चाललं होतं की मामा ती डिंकानं चिकटवतो. पण बटण काही कोणी डिंकानं लावत नाही!

“आई,” ती म्हणाली, “मामा पावती कशानं लावत असेल गं?”

“मला काय माहीत? पण तुझा मामा लहानपणापासून आळशी. डिंक वाळेपर्यंत थांबणाऱ्यातला तो नाही.”

सकाळी तिघांची बैठक बसली. सरळ जाऊन मामाला सांगायचं, असं बॅटरीचं मत पडलं. टाचणीनं मान हलवली. सांगितलं तर मामा हसण्यावारी नेणार, एवढ्याशा पिनेनं काय होतंय म्हणणार, आणि बाबा त्याचंच ऐकणार. लहानांनी सांगितलेलं मोठ्यांच्या कानात शिरत नाही. त्यासाठी मोठा आवाज व्हावा लागतो.

“मोठा आवाज?” कासवानं बराच वेळ विचार केला. तोवर बॅटरीनं डब्यातले सगळे शेंगदाणे संपवले. मग ती म्हणाली, “फुगा.”

दोघांना क्षणभर काही कळलं नाही. आणि कळलं तेव्हा दोघंही पोट धरधरून हसत सुटली.

टम्म फुगवलेला छोटा लाल फुगा पाकिटाच्या वरच्या कोपऱ्यात बसवला. खाली चिंध्या भरल्या. कासवानं वळणदार अक्षरात टाचणीच्या मावशीचा पत्ता घातला. मग टाचणी बाबांपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, की दुकानाचं शेवटचं पाकीट असेल कदाचित, टाकायला चला ना बरोबर. बाबा थोडे विरघळले. त्यांनी लगेच चपला पायात सरकवल्या.

ऑफिसात ही रांग! मामानं खिडकीतून पाकीट घेतलं, दाबून पाहिलं. “आज भारीच गुबगुबीत दिसतंय.”

“जपून, मामा,” टाचणी म्हणाली. “नाजूक आहे.”

“तू मला शिकवू नकोस,” असं म्हणत मामा आडोशामागं गेला. बॅटरीनं कानांत बोटं घातली.

फट्ट!

आडोशामागं खुर्ची कलंडली, शिक्क्यांचा डबा खाली पडला आणि “अगं आई गं!” अशी हाक आली. रांगेतली माणसं मागं सरली. मामा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. एका हातात मरगळलेलं पाकीट होतं आणि दुसऱ्या हातात भला थोरला स्टेपलर.

“यात भरलंय तरी काय?” तो ओरडला.

“हवा,” टाचणी म्हणाली. “फुगा होता, मामा. न टोचता फुटलेला फुगा मी तरी अजून पाहिलेला नाही.”

“मी कुठं टोचलं? मी फक्त पावती लावली.”

“कशानं लावली?”

मामा उत्तर द्यायला गेला आणि त्याचं लक्ष आपल्याच हाताकडे गेलं. बाबांनी पुढं होऊन पाकीट हातात घेतलं. वरच्या कोपऱ्यात पावती होती आणि पावतीतून आरपार पिन गेली होती. टाचणीनं ती पावती दारातला पोरगा ओढतो तशी ओढून काढली. पिन पावतीबरोबर गेली आणि मागं राहिली दोन भोकं, शेजारी शेजारी.

मामा इतक्यात हार मानणार नव्हता. सगळ्याच पाकिटांना तो अशीच पावती लावत आला होता आणि आजवर एकाही माणसानं तक्रार केली नव्हती.

“कारण लोक कागद पाठवतात,” टाचणी म्हणाली. “कागदाला दोन भोकं पडली तर बिघडत नाही. माझ्या पिशवीला पाणी अडवायचं असतं. तू एकदा तरी विचारायचंस, आत काय आहे म्हणून. उलट मलाच नाचता येत नाही म्हणालास.”

“तरीच!” रांगेतले एक आजोबा काठी आपटत पुढं आले. “माझ्या इथूनच आलेल्या नव्या रेनकोटमध्ये पाठीवरच पाणी का शिरतं, ते आज कळलं!”

मामानं हातातला स्टेपलर हळूच पाठीमागं लपवला. बॅटरी कासवाच्या कानात म्हणाला, “मामाला मामा बनवलं!” तो हळू बोलला होता, पण अख्ख्या रांगेनं ते ऐकलं आणि हशा पिकला. बाबाही हसले. मग हसता हसता थांबून त्यांनी सगळ्यांसमोर टाचणीच्या खांद्यावर हात ठेवला.

“आमचं चुकलं, बाळा. शिवण न तपासताच आम्ही शिवणारीला दोष दिला. तू ऐकून घेतलं नाहीस, हे फार चांगलं झालं.”

टाचणीला एकदम रडूच आलं. फुगा फुटला तेव्हा आलं नव्हतं, आणि आता आलं. ते कोणाला दिसू नये म्हणून ती खाली पडलेले शिक्के गोळा करायला वाकली. मामाही शेजारी येऊन बसला आणि शिक्के उचलू लागला.

“अंगण वाकडं होतं खरं,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “आजपासून डिंक.”

ज्यांना ज्यांना साप चावला होता, त्या सगळ्यांना नवी पिशवी गेली. ‘चूक कुरिअरची’ असं लिहू या, असं बॅटरीनं सुचवलं, पण टाचणी ऐकेना. तिनं लिहिलं, ‘भोकं वाटेत पडली. पण पाकीट आमचं होतं, त्यामुळे जबाबदारीही आमची. पाणी भरून तपासा आणि खरं काय ते लिहा.’

मामानं त्याच दुपारी दुकानाला पाच तारे देऊन टाकले. टाचणीनं त्याला फोन केला आणि ते काढून टाकायला लावले. पिशवी न वापरता दिलेले तारे ‘उलटी छत्री’ला चालत नाहीत, असं तिनं स्पष्ट सांगितलं. मामा कुरकुरला, पण त्यानं पिशवी घेतली, तिच्यात आपलं पैशांचं पाकीट घातलं आणि बादलीत बुडवून ठेवली. संध्याकाळी त्याचा अभिप्राय आला. ‘एक थेंब आत गेला नाही. मालकीण फार तिखट आहे. चार तारे.’ पोहणाऱ्या बाई गावातच राहायच्या, त्यांना नवी पिशवी दुपारीच मिळाली होती; मामामागोमाग त्यांचाही अभिप्राय आला. त्यांनी जुना तारा खोडून पाच दिले होते आणि आपल्या पोहणाऱ्या सगळ्या मुलांसाठी पिशव्या हव्यात म्हणून कळवलं होतं.

रविवारी सकाळी बाबा चहाचा कप घेऊन यंत्राजवळ आले. टाचणी मान खाली घालून शिवत होती. छत्रीच्या कापडाचा ढीग तिच्या कमरेपर्यंत आला होता.

“मग?” बाबा म्हणाले. “दुकान पुन्हा कधी उघडताय?”

टाचणीनं मान वर केली नाही की पाय थांबवला नाही.

“बंद कधी झालं होतं?” ती म्हणाली.