सवयीचा दाब

‘रुधिरसारथी’ बोलत नसे, पण त्याच्या पडद्यावरची हिरवी रेघ शांत असली की डॉ. वैजयंती कोरेंना हायसं वाटे. मिरजेच्या त्या शस्त्रक्रियागृहात भूल देण्याचं काम त्यांचं होतं, आणि हे यंत्रही त्यांनीच घडवलेलं. आज टेबलावर होते अण्णासाहेब बिरनाळे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त चित्रकला शिक्षक. आतड्यातली गाठ काढून झाली होती. डॉ. मुश्ताक जमादार आतड्याची दोन टोकं जोडायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांचा हात थांबला.

“मॅडम, कडा काळवंडलीय. रक्त पोचत नाहीय. असं जोडलं तर टाके धरणार नाहीत. दाब किती आहे?”

“शंभर. त्यांच्या नेहमीएवढाच.”

“या वयात शंभर?”

“वयाचा असा एक दाब नसतो, मुश्ताकभाई. इतक्या वर्षांत ज्याच्या-त्याच्या रक्तवाहिन्यांना आपापली सवय लागलेली असते. पुस्तकातला आकडा कुणाला कमी पडतो, कुणाला जास्त होतो. म्हणून तर आपण महिनाभर आधी मनगटावर नाडीपट्टा बांधतो. त्यावरून सारथी ते शरीर शिकतो आणि भुलेत त्याला त्याच्याच सवयीवर ठेवतो. औषध, सलाईन, सगळं तोच मोजून देतो.”

“मग सलाईन द्यायला एवढी कंजुषी का करतोय हा?”

हे मात्र वैजयंतींनाही खटकत होतं. लघवीच्या पिशवीत बराच वेळ थेंब पडला नव्हता, तरी सारथी पाणी आखडूनच देत होता, जणू हृदयाला ते झेपणार नाही. अण्णांचं हृदय तर तपासणीत ठणठणीत निघालं होतं. शिवाय भरती होताना त्यांचा दाब एकशे साठ होता. इस्पितळ पाहून चढला असेल, असं म्हणून वैजयंतींनी तो सोडून दिला होता. आपलं लेकरू खोटं बोलत नाही, असं आईला वाटतं ना, तसं त्यांचं या यंत्राबाबत होतं.

आता त्यांना पट्ट्याचीच शंका आली. नर्सने बाहेर बसलेल्या अण्णांच्या पत्नीला, पद्माक्कांना, फोन लावून तो वैजयंतींच्या कानाशी धरला.

“अक्का, अण्णांनी मनगटावरचा पट्टा काढला होता का हो?”

“काय सांगू बाई, दुसऱ्याच दिवशी! खाज सुटली ह्यांच्या हाताला. आणि काढून ठेवला की कोकलायचा त्यो. शेवटी मीच घातला की महिनाभर. आमच्यात कुठं काय वेगळं हाय?”

वैजयंतींनी सारथी बंद केला. कित्येक वर्षांनी त्यांनी स्वतःच्या हाताने औषध वाढवलं, सलाईन सोडलं. दाब दीडशेच्या घरात गेला. काळवंडलेली कडा हळूहळू गुलाबी झाली, पिशवीत थेंब पडू लागले.

“आता जोडतो,” जमादार म्हणाले.

अण्णा वाचले. वैजयंतींना यंत्राचा भयंकर राग आला होता, स्वतःचा त्याहून जास्त. पण हातमोजे उतरवताना त्या एकदम थबकल्या. लेकरू खोटं बोललंच नव्हतं. ज्याचं मनगट हाती आलं, ते शरीर सारथी अचूक शिकला होता. दाब शंभर, आणि पाणी न झेपणारं हृदय.

त्या धावतच बाहेर आल्या. त्यांना पाहून पद्माक्का लगबगीने उठल्या आणि धाप लागून भिंतीला टेकल्या.

“ह्यांचं कसं हाय?”

“ह्यांचं निभावलं, अक्का,” त्यांचं मनगट हातात घेत वैजयंती म्हणाल्या. “तुम्ही आधी खाली बसा. आता तुमचं बघू या.”