दिवाण बोलावून आणतो

माहेराहून सासरी यायचं, त्यात भिण्यासारखं काय असतं? काहीच नाही. शिवप्रिया उमरग्याहून निघाली तेव्हा तिच्या मनात भीतीचा लवलेश नव्हता. मांडीवर तान्हं पोर, पायाशी डिंकाच्या लाडवांचा डबा, शेजारी गाडी चालवणारा नवरा. रुद्रेश त्याचं नाव. जळकोटला हायवेवर फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे त्याचं, आणि घर गावाबाहेर, शेतात. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणं माहेरी झालं. पण पोरगं जन्मलं त्याच आठवड्यात इकडं सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, डोळे मिटले. त्या गडबडीत बारसं राहून गेलं. ते आता सासरी उरकायचं, एवढंच काम होतं.

गाडी अंगणात थांबली तसा दिवाण शेपूट हलवत धावत आला.

दिवाण म्हणजे कुत्रा बरं का. गावठीच, तांबूस रंगाचा, एक कान मोडलेला. पण अक्कल अशी की भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं. अप्पा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले, गुडघे गेले, साखरेच्या आजारानं चहाही बिनसाखरेचा झाला आणि हाताला काम राहिलं नाही, तेव्हा त्यांनी ह्या कुत्र्याची शाळा मांडली. वस्तू नाकासमोर धरायची, नाव दोन-चारदा सांगायचं, झालं. ‘चष्मा’ म्हटलं की चष्मा आणायचा, काचेला दात न लावता. ‘चंची’ म्हटलं की पान-सुपारीची चंची. शेळी वाफ्यात शिरली की कान धरून तिला बाहेर काढायचा. फ्रिजचं दार कुणी उघडं टाकलं तर डोक्यानं ढकलून लावायचा आणि वर आपल्याकडंच रागानं बघायचा! “घरचा कारभार ह्योच बघतो,” म्हणून अप्पांनी नाव ठेवलं दिवाण.

आणि वस्तूच नव्हे, माणसंही आणायचा. वाटेवरून कुणी “शांतलिंगअप्पा!” अशी हाक घातली की हा अप्पा असतील तिथं धावायचा, धोतराचा सोगा दातात धरायचा आणि उलट्या पावलांनी मागं मागं सरकत त्यांना हाक मारणाऱ्यापुढं आणून उभं करायचा. बघणारी माणसं हसून बेजार व्हायची. नाव ठाऊक नसलं की मात्र त्याची पंचाईत. मग अंदाजानं एकेक वस्तू आणून टाकायचा, अप्पा “हे न्हाय रं” म्हणायचे, की परत पळायचा. बरोबर वस्तू मिळेपर्यंत दम घेत नसे.

अप्पांना शेतातच माती दिली होती. लिंगायतांत माणसाला निजवून पुरत नाहीत, बसवून पुरतात. कडुनिंबाखालची ती समाधी स्वयंपाकघराच्या दारातून सरळ दिसायची. शिवप्रियानं अप्पांचं शेवटचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यामुळं तिकडं नजर गेली की तिला वाटायचं, अप्पा गेलेले नाहीत. आत बसलेत, इतकंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पहिल्यांदा ते पाहिलं.

उन्हाळ्याचे दिवस. लाईट गेलेली, कूलर बंद. बाहेर ऊन असं की चिमणीसुद्धा बोलेना. दिवाण ओट्यावर पडला होता. एकाएकी त्यानं मान वर केली. न मोडलेला, धडका कान कडुनिंबाकडं वळवला. ऐकलं. मग उठून घरात आला, कोपऱ्यातली अप्पांची छत्री तोंडात आडवी धरली आणि भर उन्हात समाधीकडं चालता झाला. थोड्या वेळानं रिकाम्या तोंडानं परत आला आणि पुन्हा पडला.

“अव्वा, बघितलं का?” तिनं सासूला विचारलं.

शांतम्मा तांदूळ निवडत होती. तिनं मानही वर केली नाही. “रोजचंच हाय ते. आदी चष्मा नेला, मग चंची नेली. मालकाची आठवण येती त्याला. मुकं जनावर हाय, करंल काय?”

“आणि वस्तू कुठं जातात?”

“पुरत आसंल कुठंतरी.”

पण संध्याकाळी रुद्रेशनं समाधीभोवती फिरून पाहिलं. कुठं उकरल्याची खूण नाही. माती जशीच्या तशी. छत्री म्हणजे काही सुपारीचं खांड नव्हे की मुंगीनं ओढून न्यावी! तो आला आणि हातपाय धुऊन सरळ जेवायला बसला. शिवप्रियाला ते मुळीच आवडलं नाही. नवरा हसला असता तर तिला धीर आला असता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दिवाण पाळण्यापाशी आला.

शांतम्मा आत आडवी झाली होती. शिवप्रिया भिंतीला टेकून पेंगत होती. पंजांचा हलका आवाज झाला तशी तिची पापणी उघडली. दिवाण घरभर काहीतरी शोधत होता. त्यानं काठी हुंगली, सोडली. टॉवेल हुंगला, तोही सोडला. मग पाळण्याखाली वाळत टाकलेलं टोपडं उचललं आणि बाहेर गेला. परत आला तेव्हा टोपडं तोंडात तसंच होतं. ते त्यानं खाली टाकलं. आता दुपटं उचललं. गेला. तेही परत घेऊन आला. मग खुळखुळा...

शिवप्रिया टक्क जागी झाली. हे तर तिनं शंभरदा पाहिलं होतं. नाव न कळलेली वस्तू तो अशीच शोधायचा. कुणीतरी त्याला सांगत होतं, “हे न्हाय रं. हे बी न्हाय.”

शेवटी दिवाण पाळण्याशी उभा राहिला. पुढचे पाय उचलून काठावर ठेवले आणि झोपलेल्या पोराचं तोंड हुंगलं. मग मान वळवून दाराबाहेर पाहिलं, विचारल्यासारखं. “हे का?”

“हाड!” ती किंचाळली. पोरगं दचकून रडायला लागलं. दिवाण खाली उतरला, कान पाडून बाहेर गेला. तिनं पोराला उचलून छातीशी घट्ट धरलं. एक गोष्ट मात्र तिला स्वच्छ कळली. पोराला अजून नाव नव्हतं, म्हणूनच दिवाण इतका वेळ चुकत राहिला होता; नाव कळलं की तो सरळ त्यालाच उचलणार.

रुद्रेश दुकानातून आला तो खुशीत. त्या दोघांनी मोबाईलवर शोधून पोरासाठी एक नाव निवडलं होतं, नव्या धर्तीचं, छोटंसं. “अगं, जन्माच्या दाखल्यात घालायचं ना मग? आपलं ठरलेलंच की...” तो म्हणायला लागला.

तिनं झडप घालून त्याच्या तोंडावर हात दाबला. दिवाण उंबऱ्यात बसला होता. त्याचा धडका कान ताठ उभा.

“इथं न्हाय... त्याच्यासमोर न्हाय.”

“काय लावलंयस?”

तिनं दार लावून घेतलं आणि कुजबुजत सगळं सांगितलं. रुद्रेशनं ऐकून घेतलं. हसला नाही, पण पटलंही नाही. “उन्हानं डोकं फिरलंय तुझं. अप्पा जाईपर्यंत नातवाचं तोंड बघायचं म्हणत होते, व्हय. पण म्हणून...” त्यानं दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. “कुत्रं बांधून ठेवू आपण.”

बांधलं. दिवाणानं साखळीचा आकडा नाकानं वर करून काढला. तेही अप्पांनीच शिकवलेलं.

त्या रात्री शिवप्रियाचा डोळा लागला नाही. बारसं करायचं नाही म्हणावं, तर सासू ऐकणार नाही, सोयरेधायरे बोलावून झालेले. नवं नाव ठेवावं, तर बारशाला आलेल्या बायका दिवसभर तेच नाव घेणार आणि कुत्रं ते शिकणार. मग... पहाटे तिला युक्ती सुचली, आणि देवाशप्पथ, तिला हसू फुटलं. सासूचा पहिल्यापासून हट्ट होता की नातवाला आजाचंच नाव लावायचं. त्यांच्यात चालच आहे तशी. आणि ते नाव तर दिवाणाला आधीच पाठ होतं! त्या नावाचा माणूस म्हणजे अप्पा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ते नाव ऐकून तो पोराकडं वळायचाच नाही. कुणी किती का मागेना, त्याला ह्या पोराचं वेगळं नाव कधी कळणारच नाही.

“अव्वा, अप्पांचंच नाव ठेवू,” सकाळी ती म्हणाली. शांतम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं सुनेची अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली.

बारसं झकास झालं. बायका जाजमावर दाटीवाटीनं बसल्या होत्या. घुगऱ्या वाटल्या, पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या. रुद्रेशची थोरली बहीण कस्तुरा पोराच्या कानाशी वाकली, “कुर्र...” म्हणत नाव सांगितलं, आणि रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाधप बुक्के बसले. हसण्याचा गलका झाला. शिवप्रियाही हसली. कित्येक दिवसांनी तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता.

शेजारची गौराबाई कानानं अधू. “काय ठिवलं? आगं मोठ्यानं सांगा की! आईनं हाक मारू दे, मला बी ऐकू येऊ दे!”

“व्हय व्हय, आईनं मारायची हाक!” बायकांनी गिल्ला केला.

सासऱ्याचं नाव सुनेनं कधी घेतलेलं नसतं. शिवप्रिया लाजली. पण आज ते तिच्या लेकराचं नाव होतं. पाळण्याची दोरी हातात धरून तिनं मोठ्यानं हाक मारली, “शांतलिंगअप्पा! ए शांतलिंगअप्पा!”

ओट्यावरचा दिवाण ताडकन उठला.

पाळण्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. ओट्यावरून उडी टाकली आणि सरळ कडुनिंबाकडं धूम ठोकली.

“बघा गं, मालकाचं नाव वळखलं त्यानं!” गौराबाई कौतुकानं म्हणाली.

शिवप्रिया झोका द्यायची थांबली. दिवाण पोराला नेणार नाही, एवढंच तिनं पाहिलं होतं. तो कुणाला आणील, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि हाक तर तिनंच घातली होती, स्वतःच्या तोंडानं, अंगणाकडं तोंड करून.

दिवाण समाधीमागं दिसेनासा झाला. मग हळूहळू पाठमोरा दिसू लागला. उलट्या पावलांनी येत होता. मान खाली, जबडा मिटलेला, दातांत काहीतरी धरून ओढत असल्यासारखी मानेची शीर ताणलेली. दातांत काहीच नव्हतं. दोन पावलं सरकायचा, थांबायचा. पुन्हा दोन पावलं. हौदाजवळ तो बराच वेळ थांबला, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यासाठी थांबावं तसा.

आधी बायका हसल्या. मग कस्तुरा हसायची थांबली. मग सगळ्याच थांबल्या.

“रुद्रेश... दार लाव,” शिवप्रिया कसंबसं म्हणाली. तो दाराजवळच उभा होता. त्यानं कडीला हातही घातला. पण दिवाण उलटा सरकत ओट्यावर चढला, उंबऱ्यापाशी आला, तेव्हा रुद्रेशनं दार लावलं नाही. तो बाजूला झाला आणि त्यानं मान खाली घातली. लहानपणापासूनची सवय! बाप समोरून येताना तो तसाच बाजूला व्हायचा.

ओल्या मातीचा वास आला. उन्हाळ्यात, कोरड्या ठणठणीत घरात. जाजमावरच्या बायका एकमेकींकडं न बघता सरकल्या, पाय आवरून घेतले, आणि मधोमध पाळण्यापर्यंत माणूस जाईल एवढी वाट मोकळी झाली. त्या वाटेनं दिवाण पाळण्यापाशी गेला. तिथं त्यानं जबडा उघडला. जे धरलं होतं ते सोडलं. पुढ्यात बसून वर पाहिलं. मग त्याचे कान मागं दबले, डोकं किंचित खाली गेलं, कुणी मायेनं हात फिरवल्यासारखं.

मघाच्या गलक्यानं पाळण्यातलं पोरगं रडत होतं, ते गप्प झालं.

“माझं लेकरू... माझं लेकरू द्या...” शिवप्रियानं दोरी टाकली आणि दोन्ही हात पाळण्यात घातले. पोराच्या पाठीखाली हात गेले. पण ते उचलेना. तिनं सगळा जोर लावला. पाळण्याची वरची कडी करकरली, माळेतली झेंडूची फुलं गळून पडली, पोरगं तसूभर हललं नाही. रडलंही नाही. डोळे उघडे, आणि नजर तिच्या खांद्यावरून मागं, सासूकडं.

शांतम्मा उठली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. पाळण्याजवळ आली, वाकली, आणि हलक्या आवाजात, बायको नवऱ्याला विचारते तसं, तिनं विचारलं, “लई दमलात का? च्या टाकू?”

शांतम्मा क्षणभर कान देऊन तशीच वाकून राहिली.

“बरं, बरं. बिगर साखरंचा,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघराकडं वळली. शिवप्रिया अजून दोन्ही हातांनी पोराला उचलायला बघत होती.