काश्मीरला डावा कौल

"एसी चालू आहे ना?"

एवढं विचारूनच तो आत आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही! चिपळूणला एसटी स्टँडसमोर आमचं टूर्सचं ऑफिस. दसरा तोंडावर आलेला, आणि बाहेर असं ऊन की डांबरावर चप्पल चिकटावी. त्याच्या अंगावर कंपनीचा निळा युनिफॉर्म होता, कपाळावर घाम होता आणि कपड्यांना लोटे एमआयडीसीतल्या केमिकलचा तो सगळ्यांच्या ओळखीचा वास. तो सरळ एसीखालच्या खुर्चीत जाऊन बसला आणि त्याने सुखाने डोळे मिटले.

"चालू आहे," मी म्हटलं, "पण गिऱ्हाइकांसाठी."

त्याने एक डोळा उघडला. भिंतीवरची पोस्टरं पाहिली.

"मग काश्मीर दाखवा."

"खरंच जायचंय?"

"कंपनीची बस येईपर्यंत तरी... जायचंय."

त्याला तिथल्या तिथे घालवून द्यायला हवं होतं. माझी जीभ तशी प्रसिद्ध आहे. आई म्हणते, नाव निशिगंधा ठेवलं आणि निघाली लवंगी मिरची. पण तो हसला. त्याचा एक दात जरासा पुढे आहे, आणि हसताना तो दात आधी हसतो, मग बाकीचा माणूस. मी काश्मीर दाखवायला घेतलं.

दल सरोवर, शिकारा, गुलमर्गचा बर्फ, पहलगामची नदी... मी अशी काही रंगून सांगते की ऐकणाऱ्याला कानटोपी घालावीशी वाटते.

"तुम्ही किती वेळा गेलाय?" त्याने विचारलं.

"ते महत्त्वाचं नाही," मी म्हटलं आणि घाईघाईने गुलमर्गवर परत गेले.

कारण मी एकदाही गेले नव्हते. मी आंजर्ल्याची. बाबांची होडी आहे आणि घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या. दिवाळी, नाताळ, मे महिना... लोकांना सुट्टी लागली की आमचं काम सुरू. सोलकढी वाढा, चादरी बदला, गणपतीला जायची वाट दाखवा. दुसऱ्यांच्या सुट्ट्या साजऱ्या करता करता आम्हांला स्वतःची कधी लागलीच नाही. कोल्हापूरच्या पुढचं जग मी माहितीपत्रकांत पाहिलेलं होतं, आणि तेच छातीठोकपणे विकत होते.

त्याचं नाव सुजय. अलोऱ्याजवळ त्याचं गाव. वडील कोयना प्रकल्पातून नुकतेच निवृत्त झाले होते, आणि दिवाळीत आईबाबांना कुठेतरी लांब फिरवून आणावं असं त्याच्या खरोखरच मनात होतं. म्हणजे एसीसाठी आलेलं गिऱ्हाईक अगदीच खोटं नव्हतं.

"उद्या सांगतो," बसचा हॉर्न ऐकून तो उठला. "आईला विचारायला हवं. आणि आई देवाला विचारेल."

यात मला काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे विहीर खणायची असो नाहीतर लग्न ठरवायचं असो, ग्रामदेवतेला कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. काम संपलं.

दुसऱ्या दिवशी तो त्याच वेळेला हजर. चेहरा पाडून.

"काश्मीरला डावा कौल आला."

"अरेरे! मग राजस्थान बघूया?"

राजस्थानलाही डावा आला. केरळला डावा, हिमाचलला डावा. असा हट्टी देव मी पाहिला नव्हता.

"केरळला काय अडचण आहे देवाला?" एकदा मी कंबरेवर हात ठेवून विचारलंच.

"देव म्हणतो, नारळ आणि पाऊस बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?"

"आणि राजस्थानला?"

"तिथे मासे मिळत नाहीत. आई उपाशी राहील."

"एक मिनिट हं. कौलात देव फक्त हो नाहीतर नाही सांगतो. ही कारणं कधीपासून द्यायला लागला?"

तो जरा गडबडला. मग म्हणाला, "आमचा देव... थोडा बोलका आहे."

मी हसले. हसायला नको होतं, कारण मग तोही हसला. आधी तो दात आणि मग बाकीचा.

असं करत करत त्याने चहा आणायला सुरुवात केली. मग चहाबरोबर स्टँडवरची गरम भजी आली. मग मी त्याच्या शिफ्टच्या वेळा पाठ केल्या - केल्या म्हणजे काय, झाल्या. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात मी दुपारी केस नीट करायला लागले. दुसरी पाळी असली की सकाळी. ऑफिसात आणखी कुणी नसायचं म्हणून बरं. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की तो दारातून आत आला की मी मनात म्हणतेय, देवा, आजही डावाच दिला असशील ना? मी सहली विकणारी मुलगी... आणि माझी सहल विकली जाऊ नये म्हणून देवाला साकडं घालत होते! प्रेमात पडल्याचा याहून चोख पुरावा कुठल्या कोर्टाला हवा असेल?

आमचे केतनसर पुण्याच्या मुख्य ऑफिसात बसतात. त्यांनी फोन केला तेव्हा मला वाटलं, आता अलोऱ्याच्या गिऱ्हाइकावरून झापणार. पण त्यांनी वेगळंच सांगितलं. त्यांना टूर लीडर हवी होती, आणि माझं फोनवरचं बोलणं ऐकून त्यांनी मला निवडलं होतं. आधी पुण्यात प्रशिक्षण, मग पर्यटकांना घेऊन प्रत्यक्ष दौरे. निदान वर्षभर तरी तिकडेच. "सोमवारी मला हो किंवा नाही सांग," ते म्हणाले.

मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. आणि उडी मारायच्या आतच आठवलं, पुण्यात भजी घेऊन सुजय येणार नाही.

शुक्रवारी मी सुजयला सांगितलं. अगदी सहज सांगितल्यासारखं, बिलबुकं नीट लावता लावता. कान मात्र त्याच्याकडे. तो म्हणेल, जाऊ नका. किंवा म्हणेल, जा, पण... त्या 'पण'साठी मी जीव मुठीत धरून बसले होते.

तो केरळचं माहितीपत्रक उलटं धरून कितीतरी वेळ वाचत राहिला.

"पुण्याला..." तो शेवटी म्हणाला, "हवा चांगली असते."

"असते का?"

"हो. कोरडी." मग खाली बघून, "आणि अंदमानलाही... डावाच आला."

माझं डोकं असं फिरलं की काय सांगू! "सोमवारपासून इथे दुसरी मुलगी बसेल," मी म्हटलं. "तुमच्या देवाची पुढची तक्रार तिला सांगा." तो काहीतरी बोलणार होता, पण बाहेर बसने हॉर्न दिला. जगातल्या सगळ्या बसेस माझ्या वाईटावर आहेत.

रविवारी मी अलोऱ्याची एसटी पकडली. स्वतःला सांगितलं, हातातलं गिऱ्हाईक अर्धवट टाकून जाणं बरं नाही. त्या देवाला एकदा समक्ष भेटून सोक्षमोक्ष लावावा. स्वतःशी खोटं बोलणं सोपं असतं, समोरचा लगेच विश्वास ठेवतो.

उतरले तर परतीच्या पावसाची सर आली. तांबड्या मातीच्या वाटेने, ओढणी डोक्यावर धरून, सुजयच्या गावच्या ग्रामदेवतेच्या देवळात पोचले तेव्हा गुरव समया घासत होता, आणि एक बाई खांबाला टेकून झेंडूचा हार ओवत बसल्या होत्या.

"काका," मी गुरवाला विचारलं, "तुमचा देव लोकांच्या सहलींना सारखा नाही का म्हणतो?"

गुरव बघतच राहिला. बाईंनी मात्र सुई थांबवली.

"नाय? कोन म्हनतो नाय? आमाला तर पयल्याच दिवशी उजवा दिलान, काश्मीरला! बॅगा भरून ठेवल्यात मी. ह्यांनी तर माकडटोपी घालून बघितलानी सुदा."

माझ्या पायाखालचा चिरा हलला. "मग... गेला का नाहीत?"

"त्या चिपळूणच्या हापिसातली पोरगी हाय ना!" बाई तावातावाने म्हणाल्या. "काश्मीर म्हने फुल्ल. राजस्थान फुल्ल. केरळ फुल्ल. आमचा सुजय बिचारा रोज खेपा घालतो. मी म्हटलं, मेल्या, दुसरं हापिस बघ. तर म्हनतो, नको आई, तिची नोकरी जाईल. गरीब हाय म्हने ती. कामाला शून्य, पन गरीब."

शून्य! मी! गेल्या मे महिन्यात मुख्य ऑफिसने माझं कौतुक केलं होतं!

गुरव, त्यांना सगळे रावजी म्हणत, समई खाली ठेवून खो खो हसायला लागले.

"काश्मीरचा कौल एकच झाला गो वैनी. पन सुजय पाळीला जायच्या आदी गुपचूप येतो आनि वेगळाच कौल लावतो. एका पोरीला इचारू काय, म्हनून. देव उजवा देतो. हा पाया पडून जातो, नि पुन्ना येतो, पुन्ना त्योच कौल! परवा मीच बोललो, बाबा, देवाक दुसरी कामं हायत का नाय?"

मग रावजींना आपण कुणासमोर काय बोललो ते कळलं आणि त्यांनी जीभ चावली.

"कोन पोरगी?" सुजयच्या आईंच्या मांडीवरून हार घरंगळला.

नेमका त्याच वेळी सुजय छत्री मिटत पायरी चढला. त्याने आईला पाहिलं, रावजींना पाहिलं, मला पाहिलं... आणि छत्री पुन्हा उघडून मागे वळला.

"थांबा!" मी ओरडले. "अंदमान फुल्ल आहे का डावं, तेवढं सांगून जा."

आईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "हीच काय रे ती... शून्य?"

तो उघडी छत्री खाली धरून भिजत उभा होता. मग ती मिटून काखेत मारून हळूहळू वर आला आणि त्याने दोन्ही कान पकडले, आधी देवाकडे बघून, मग आईकडे, मग माझ्याकडे.

"देवाच्या नावावर खोटं बोललात," मी म्हटलं.

"रोज सकाळी माफी पण मागत होतो त्याची," तो म्हणाला. "काय करू? काश्मीर बुक केलं असतं तर संपलं असतं. मग त्या दारातून आत यायला मला कारण काय राहिलं असतं? तू... तुम्ही गिऱ्हाइकांशिवाय कुणाला बसू देत नाही."

सगळ्यांत आधी भानावर आल्या त्या आई. त्यांनी माझं डोक्यापासून पायापर्यंत निरीक्षण केलं, चिखलाच्या चपलांसकट.

"रावजी," त्या म्हणाल्या, "आताच्या आता कौल लावा. समोरासमोर होऊन जाऊंदे."

रावजींनी तांब्यात बोटं बुडवली, पाकळ्या उचलल्या.

"नको, काका," मी म्हटलं. "देवाला किती वेळा विचारून झालंय. आणि आई, तुमचंही मत आत्ता कळेलच. सगळ्यांना विचारून होतंय इथे. ज्या पोरीला विचारायचंय, तिला अजून कुणी काही विचारलंय का?"

रावजींचा हात हवेतच राहिला. सुजयने छत्री खांबाला टेकवली. ती पडली. त्याने पुन्हा टेकवली, पुन्हा पडली, मग त्याने तिचा नाद सोडला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या पापण्यांवर पाणी होतं. हसत नव्हता, तो दातसुद्धा गंभीर होता.

"निशिगंधा," तो म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?"

किती दिवस वाट पाहिली होती मी या वाक्याची! तरी मी मुद्दाम आधी ओढणी पिळून घेतली. त्यालाही कळू दे.

"हो," मी म्हटलं. "पण उद्या मी पुण्यालाही होच सांगणार आहे. वर्षभर. चालेल?"

आईंनी रावजींकडे पाहिलं. रावजींनी देवाकडे. मला वाटलं आता हाही वळेल, आधी आईकडे, मग देवाकडे, आणि पुन्हा त्या पाकळ्या निघतील. माझं सगळं त्या एका क्षणावर टांगलेलं होतं.

त्याने कुणाकडेच पाहिलं नाही.

"जा," तो म्हणाला. "किती लोकांना पाठवलंस तू. आता स्वतः बघून ये. काश्मीरचं सांगताना तू सारखी पोस्टरकडे बघायचीस ना... मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

माझे डोळे भरून आले. जे मी कुणालाही कळू दिलं नव्हतं ते त्याला एसीखाली बसल्या बसल्या कळलं होतं, आणि त्याने ते इतके दिवस जपून ठेवलं होतं. इतक्या कौलांनंतर हा त्याचा स्वतःचा पहिला निर्णय, आणि तोही माझ्या बाजूने, स्वतःच्या तोट्याचा!

त्यानंतर वर्षभर म्हणजे नेमकं किती लांब, ते त्याच्या डोक्यात शिरलं असावं. चेहरा हळूहळू असा काही पडला की मला रडू आणि हसू एकदमच फुटलं.

"पुण्याला... हवा चांगली असते ना?" मी विचारलं.

"अजिबात नसते," तो म्हणाला.

आणि मी त्याच्या आईसमोर, रावजींसमोर आणि त्या बोलक्या देवासमोर, सरळ त्याचा हात धरला.